आधी जाऊन ये

आक्का माझ्याशी पहिल्यांदा जे बोलल्या ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. आमच्या साताऱ्याच्या घरात तर त्या जागेला नावसुद्धा नव्हतं. "तिकडे" म्हणायचे. आजोबा तिकडे गेलेत. पाहुण्यांना तिकडे कुठे आहे ते दाखव. पण ते वाक्य गाळलं तर आक्का उरतच नाहीत, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते.

इस्लामपूरच्या पुढे एका फाट्यावरच्या गावात मला कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवायची नोकरी लागली होती. खोली बघायला वडिलांबरोबर गेले. फाट्यावर गाडीतून उतरलो तर समोरच घर, आणि घराच्या पायरीवर उंच, रुंद हाडाची, नऊवारी नेसलेली एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी. याच घरमालकीण. सगळा गाव त्यांना आक्का म्हणतो, हे प्राचार्यांनी सांगितलंच होतं. वडिलांनी नमस्कार केला आणि तांब्यासाठी हात पुढे केला. आक्कांनी तो त्यांच्या हातात दिला, पण माझा हात पुढे झाला तसा तांब्या पुन्हा काढून घेतला, आणि समोरच्या चहाच्या टपरीवर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"साताऱ्यास्नं आलीस न्हवं? आदी जाऊन ये. पानी मागनं."

"कुठं जाऊन?" वडिलांनी भाबडेपणाने विचारलं.

"तुमी न्हवं, ही. त्यो काय निळा दरवाजा. पानी भरल्यालं हाय, कडी चांगली हाय. जा गं."

टपरीवरच्या माणसांनी माना वळवल्या. वडील आकाशाकडे बघायला लागले. मी पदवीधर, द्विपदवीधर, नेमणुकीचा आदेश पिशवीत घातलेली मुलगी, कानापर्यंत लाल झाले. असल्या बाईच्या घरात राहायचं नाही असं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि निळ्या दरवाज्याकडे गेले. कारण खरं सांगायचं तर कराड यायच्या आधीपासूनच मला जायचं होतं.

बाहेर आले तेव्हा माझा राग निम्म्यावर आला होता. पुढे त्या घरात मी बरीच वर्षं राहिले.

घराच्या दर्शनी भागात, अगदी रस्त्याला लागून, जिथे कोणताही शहाणा माणूस दुकान काढेल, तिथे आक्कांचा संडास होता. पांढरा चुना, निळं दार आणि दाराला कुलूप नाही. फाट्यावर सांगलीकडे, कोल्हापूरकडे, शिराळ्याकडे जाणाऱ्या गाड्या थांबत. बायका उतरत, पुढच्या गाडीची वाट बघत उन्हात उभ्या राहत, आणि आक्का पायरीवरून त्यांची पाहणी करत. कोण एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकतंय, कोण उगीचच पदर सारखा करतंय, हे त्यांना बरोबर दिसायचं. मग हाक यायची, "ए बाय, हिरव्या लुगड्याची! जायाचं हाय का?"

हिरव्या लुगड्याची बाई आधी मेल्याहून मेल्यासारखी व्हायची आणि मग यायची. न आलेली मी पाहिली नाही.

"आक्का, हळू विचारावं की," मी एकदा म्हटलं. "बाईला लाज वाटते."

"हळू इचारलं की ती बी हळूच न्हाई म्हनती," आक्का म्हणाल्या. "मोठ्यांदा इचारलं की तिला माझा राग येतो. रागात यिती आन जाऊन मोकळी हुती. माझ्यावर रागावू दे की, माझं काय जातंय?"



आत सगळी व्यवस्था त्यांनी स्वतः लावलेली. दोन बादल्या, साबण, उंचावर एक दणकट खुंटी. खुंटी का, तर "पिशवी कुठं ठिवायची तिनं? डोक्यावर?" कोपऱ्यात झाकणाचा पत्र्याचा डबा, त्यात पूर्वी जुन्या सुती लुगड्याच्या धुतलेल्या घड्या असायच्या आणि नंतर दुकानातली पाकिटं. त्या डब्याबद्दल मात्र आक्का कधी अवाक्षर बोलत नसत. तो फक्त भरलेला असायचा. पण त्यांचा सगळा जीव होता कडीवर. लोहाराकडून करून घेतलेली जाड कडी. रोज सकाळी आत जाऊन त्या ती लावायच्या, बाहेरून मला दाराला खांदा द्यायला लावायच्या आणि आतून ओरडायच्या, "जोरात! जेवत न्हाईस काय?" कॉलेजला जायच्या आधी इस्त्रीच्या साडीत दाराला धडका मारणारी प्राध्यापिका म्हणून मी त्या फाट्यावर प्रसिद्ध झाले ती अशी.

साफसफाई त्या स्वतः करायच्या. पदर खोचून, खराटा घेऊन, पहाटे. बाई लावा म्हटलं तर म्हणायच्या, "का? तिला काय नाक न्हाई?" पुढे भाडेकरू म्हणून आठवड्यातली एक पाळी माझ्याकडे आली. हे त्यांनी खोली देताना सांगितलं नव्हतं. वडिलांना मी आजतागायत सांगितलेलं नाही.

शेजारच्या एका बाईंना हे सगळं खटकायचं. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्यांच्या पाचटाच्या कोप्या मागच्या मोकळ्या रानात पडत आणि त्या बायकाही आक्कांकडे येत. शेजारीण एकदा कुंपणावरून म्हणाली, "आक्का, कोन कुठली, कुनाची, काय तरी इचारत जावा की."

"इचारते की," आक्का म्हणाल्या. "घाई हाय का, म्हनून इचारते."

शिराळ्याच्या गाडीला एक कंडक्टर बाई असायची. ती फाट्याच्या थांब्यावर गाडी थांबवायचीच, आणि पुढे वीस पावलांवर आक्कांच्या दारात पुन्हा एक घंटी मारून थांबवायची. गाडीतले पुरुष कुरकुरायचे. आक्का पायरीवरूनच त्यांना गप्प करायच्या. "तुमी उसाच्या कडंला थांबता तवा कोन घंटी मारतंय का?" ड्रायव्हर खिडकीतून दुसरीकडे बघायचा. नंतर नंतर तर त्या गाडीतल्या बायका आपण होऊन उतरायला लागल्या, आणि तो थांबा कुठल्याच पाटीवर नसताना पक्का झाला.

त्यांच्या पुतणीसाठी फलटणकडचं एक स्थळ आलं होतं, त्याची गोष्ट गावात अजून सांगतात. मुलाचं घर बघायला मंडळी निघाली आणि मलाही ओढून नेलं, "शिकल्याली बाई संगट असू दे" म्हणून. बंगला दुमजली, दारात ट्रॅक्टर, ऊस नजर पोचेल तिथवर. पुरुष मंडळी विहिरीचं पाणी किती पुरतं ते विचारत होती. आक्का पोह्यांना हात न लावता मुलाच्या आईबरोबर मागच्या अंगाला गेल्या आणि बऱ्याच वेळाने परत आल्या. तोंड असं की मध्यस्थाने हातातली बशी खाली ठेवली.

"घर लय भारी हाय," आक्का सगळ्यांच्या देखत म्हणाल्या. "पर संडास गोठ्याच्या पल्याड. दिवा न्हाई. आन कडीच्या जागी सुतळी बांदलीया. हितली मालकीन इतकी वरसं अंधारात एका हातानं सुतळी धरून बसती."

मुलाच्या आईने पदराने तोंड झाकलं. मुलाचे वडील उठून उभे राहिले. "आवं आक्का, ही काय बोलायची गोष्ट झाली?"

"न्हाई बोलला म्हनूनच सुतळी ऱ्हायली. पोरगं चांगलं हाय, मला पसंत हाय. पर त्ये तुमच्याच हाताखाली वाढलंय. घराला लागून नवा बांदा, मग आमी पुन्ना येतो."

 स्थळ हातचं गेलं असंच सगळे धरून चालले होते. पण पुढच्या महिन्यात निरोप आला, बांधून झालंय, बघायला या. लग्न लागलं. मानपानाच्या वेळी मुलाची आई आपल्या विहिणीला ओलांडून आधी आक्कांकडे आली आणि त्यांच्या हातात साडी ठेवली. "माज्या माहेराहून कुनी इतकं केलं न्हाई," एवढंच म्हणाली. आक्का खाली बघत साडीची घडी चाचपत राहिल्या. 

आता आमच्या कॉलेजातली गोष्ट.

मानवी हक्कांवर व्याख्यान ठेवलं होतं. प्रमुख पाहुण्या साताऱ्याहून येणार होत्या, मोठ्या अधिकारी. गर्दी दिसावी म्हणून प्राचार्यांनी आसपासच्या गावांतल्या बचत गटांच्या बायका सकाळीच बोलावून सभागृहात बसवल्या. गावातले बाप्येही आले होते, आणि सगळ्यांना पाण्याची एकेक बाटली वाटली होती. महामार्गाचं काम चाललेलं. पाहुण्या अडकल्या, ताटकळता ताटकळता दुपार झाली. मी सूत्रसंचालिका. माईकवर उभी राहून माणसाला प्रतिष्ठेने जगण्याचा हक्क आहे हे मी वेगवेगळ्या शब्दांत सांगत होते, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आक्का पहिल्या रांगेत. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मागे वळून त्या बायकांकडे बघत होत्या.

एकदम उठल्या. "मास्तरीणबाई, वाईच थांब."

मी थांबले. आक्कांना माईक लागत नाही.

"का गं बायांनो, तुमाला तहान न्हाई लागली व्हय? बाप्यांच्या बाटल्या बगा, समद्या रिकाम्या. तुमच्या समद्या पिशवीत, बूच बी फोडल्यालं न्हाई. पोरास्नी घरी न्यायाच्यात म्हनू नगा मला. कुनाला जायाचं हाय?"

 प्राचार्य घाईने पुढे आले. नवीन इमारतीत बायकांसाठी फरशी लावलेली उत्तम सोय होती, पण पाहुण्या येईपर्यंत ती स्वच्छ राहावी म्हणून तिला कुलूप होतं, आणि किल्ली ज्या शिपायाकडे होती तो पाहुण्यांना आणायला महामार्गावर गेला होता. हे सगळं प्राचार्यांनी आक्कांना हळू आवाजात समजावलं. आक्कांनी ते मोठ्या आवाजात सगळ्यांना सांगितलं.

कोणी हात वर करेना. मग मागच्या रांगेतली एक म्हातारी काठीवर जोर देऊन उठली आणि म्हणाली, "मला जायाचंय बया, सकाळधरनं." आणि ती उठली तसं सभागृह उठलं.

आक्का पुढे, मागे सगळ्या बायका, कॉलेजच्या फाटकातून फाट्याकडे अशी ती मिरवणूक गेली. सभागृहात प्राचार्य, बाप्ये आणि मी उरलो. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली.

"बायका जरा चहाला गेल्यात," प्राचार्य म्हणाले.

पाहुण्या माझ्यापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. त्यांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं, मला बाजूला घेतलं आणि खरं काय ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी आणखी खाली आवाजात विचारलं, "किती लांब आहे?"

आम्ही दोघी चालत गेलो. आक्कांच्या दारात रांग रस्त्यापर्यंत आली होती. साहेब आल्या म्हणून बायका बाजूला व्हायला लागल्या. पाहुण्या संकोचून "नको नको, मी थांबते" म्हणत रांगेच्या शेवटी उभ्या राहिल्या. आक्का पायरीवरून उतरून त्यांच्यासमोर आल्या, वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "साताऱ्यास्नं? घाई हाय का?"

पाहुण्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या सगळ्या बायकांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "आहे."

"मग म्होरं जा. साहेब म्हनून न्हाई. घाई असंल ती म्होरं, ह्यो हितला नियम हाय."

हसण्याचा असा गलका झाला की टपरीवरचा चहावाला रस्ता ओलांडून बघायला आला. भाषण नंतर झालं. चांगलं झालं, आणि छोटं. फरशीच्या त्या सोयीला पुन्हा कुलूप लागलेलं मी पाहिलं नाही.

पण त्या हसण्यात एक माणूस नव्हता. आक्कांचा मुलगा नुकताच फौजेतून निवृत्त होऊन आला होता. हुद्दा हवालदाराचा, पण आमच्याकडे फौजेतून सुटून आलेल्या प्रत्येकाला मेजर म्हणतात, तसा तोही मेजर. तो टपरीवर आपल्या जुन्या सोबत्यांबरोबर चहा पीत बसला होता आणि आपली आई बायकांची पलटण घेऊन कशाकडे निघालीय, हे त्याने आणि सोबत्यांनी पाहिलं होतं. त्या संध्याकाळी तो आईसमोर येऊन उभा राहिला.

"आये, लोक मला काय म्हनत्यात म्हाईत हाय का? संडासवालीचा पोरगा. शियाचीनला जाऊन आलो, मेडल घिऊन आलो, आन गावात वळख काय, तर ही."

"मग?"

"मग पाडू त्ये. तितं दोन गाळे काडतो. माजं दुकान व्हईल, एक भाड्यानं दिऊ. मोक्याची जागा हाय."

"आन ती कंडक्टरीन जानार कुठं?"

"त्ये ज्यांचं काम हाय त्ये बगतील. सरकारचं काम हाय, आपली ड्यूटी न्हाई ती."

मी दारात उभी होते. मेजरचं चुकत होतं असं मला म्हणता येईना. नागरिकाचा हक्क आणि शासनाचं कर्तव्य मी वर्गात असंच शिकवत होते. आक्काही म्हणाल्या, "बराबर हाय तुजं. सरकार बांदंल तवा आपलं पाडू."

मेजर पाय आपटत निघून गेला. रात्री जेवला नाही. आणि मला दोघांचीही कणव आली. बर्फात उभं राहून कमावलेला मान त्याला गावच्या फाट्यावर मिरवायचा होता, त्यात वाईट काय होतं?

त्यानंतर एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता आक्का आपणहून बोलल्या. एरवी त्या स्वतःबद्दल बोलत नसत.

"मी नवी नवरी हुते ना, तवा दुसरी भाकरी घेत नव्हते. पानी वंजळभर. सासू गावभर सांगायची, आमची सून लय नाजूक, चिमनीवानी खाती. मला भूक लागायची गं. पर खाल्लं की जावं लागायचं, आन जायाचं कुठं? उजाडायच्या आदी न्हाई तर अंधार पडल्यावर. मधी कायबी झालं तरी दम धरायचा. एकदा तापानं फणफणले तरी कुनाला सांगितलं न्हाई."

"मग?"

"मग काय. मालकांनी फौजंतनं पयल्यांदा पैसं धाडलं तवा सासऱ्यांनी इचारलं, काय पायजे सूनबाई, पाटल्या का बोरमाळ? मी म्हटलं, संडास. सासू रडली. मालक सुट्टीवर आलं, त्ये बगितलं आन म्हनालं, चौकी झ्याक बांदलीस." आक्का हसल्या. "त्या दिशी म्या तीन भाकरी खाल्ल्या."

मेथीची जुडी संपली होती. मी उठून पुन्हा एक जुडी आणली, कारण मला तिथून हलायचं नव्हतं.

मेजरने हट्ट सोडला नाही. आक्काही हलल्या नाहीत. पण पावसाळा संपता संपता एका पहाटे संडासाची पायरी घासताना आक्का घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. सांगलीला नेऊन शस्त्रक्रिया करावी लागली. आता मेजरला कारणच मिळालं. दवाखान्याच्या जिन्यात त्याने मला सांगितलं, "बास झालं, मॅडम. त्या जाग्यानं आईचा जीव घेतला असता. कंत्राटदाराला सांगितलंय. दिवाळी झाली की पाडायचं. तुमी तिला काय बोलू नगा."

मी बोलले नाही. आक्काच बोलत नव्हत्या. पांढऱ्या चादरीखाली त्या एवढ्याशा दिसत होत्या आणि भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. खोलीत आणखी चार खाटा, सगळ्यांचे नातेवाईक, डबे, मोबाइल. वॉर्डातल्या मावशी आल्या, भल्या होत्या बिचाऱ्या, पण सगळा मजला त्यांच्या गळ्यात. म्हणाल्या, "आज्जी, डायपर घातलंय ना, त्यातच करा. बदलतो आमी. समदेच करत्यात." आक्कांनी डोळे मिटून घेतले.

डॉक्टर राउंडला आले आणि मेजरवर चिडले. आजी पाणी पीत नाहीत, जेवत नाहीत, असं चालणार नाही, उठून बसायला हवं, आता परवानगी आहे. मेजर म्हणाला, "लय हट्टी हाय, साहेब. पयल्यापासनं."

तेव्हा माझी नजर खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर गेली. तिथे पाण्याची बाटली होती. तिचं बूच फोडलेलं नव्हतं.

 सभागृहातल्या त्या सगळ्या बंद बाटल्या मला आठवल्या, आणि दुसरी भाकरी न घेणारी ती नवी नवरी. ज्या बाईने आख्ख्या तालुक्यातल्या बायकांना न विचारता ओळखलं होतं, ती इथे सगळ्यांच्या देखत दम धरून पडली होती आणि तिला विचारायला कोणी नव्हतं. मेजर हातभर अंतरावर उभा होता. तो तरी कुठून ओळखणार?

वाकून कानात विचारावं असं माझ्या मनात आलं. मग आठवलं की हळू विचारलं की बाई हळूच नाही म्हणते. मी सरळ उभी राहिले आणि साताऱ्याच्या माझ्या घरच्यांनी पाहिलं असतं तर त्यांना घेरीच आली असती, अशा आवाजात म्हणाले,

"आक्का, जायचंय का?"

 आक्कांनी तोंड वळवलं. माझ्याकडे रागाने बघितलं. मग त्यांचे डोळे भरून आले आणि लहान मुलीसारखी मान हलवून म्हणाल्या, "व्हय गं. सकाळधरनं."

 मेजर एकदम हलला. बाहेरच्या व्हरांड्यातून बसायची भोकाची खुर्ची स्वतः उचलून आणली, आईला दोन्ही हातांवर अलगद घेतलं आणि तिच्यावर बसवलं. खाटेभोवतीचा पडदा आखूड होता. त्याने बिछान्यावरची चादर ओढली, पाठ आईकडे केली, दोन्ही हात पसरून चादर ताणून धरली आणि ताठ उभा राहिला. मी मागून आक्कांचे खांदे धरले होते.

"म्होरं बग," आक्का म्हणाल्या.

"म्होरंच बगतोय."

"कुनी यील."

"कुनी येनार न्हाई, आये. मी हाय न्हवं उभा. तुजं चालू दे निवांत."

वेळ लागला. मेजरचे पसरलेले दंड थरथरायला लागलेले मला दिसत होते, पण चादर बोटभरसुद्धा खाली आली नाही. कोणाच्या तरी भेटीला आलेले गृहस्थ दारातून आत डोकावले, तर त्याने नुसत्या नजरेने त्यांना परत पाठवलं. त्याची मान ताठ होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. हात पसरलेले असल्यामुळे त्याला ते पुसता येत नव्हतं.

खाटेवर परत ठेवल्यावर आक्कांनी पदर सारखा केला, उशीला टेकल्या आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आता दी ती बाटली." आणि गटागटा सगळी संपवली. "दुसरी आन. आन भाकरी मिळती का बग कुठं. ह्यो मऊ भात मला नगं."

मी भाकरी शोधायला बाहेर पडले तेव्हा मेजर जिन्यात फोनवर बोलत होता. "न्हाई न्हाई, त्याला हात लावायचा न्हाई. त्येच्या शेजारी एकच गाळा काडू. आन हे बगा, आत भिंतीला धरायला एक दांडा पायजे. पक्का. पायरीला खडबडीत फरशी. कडीचं मी बगतो, कडी मी सवता बसवनार."

नंतर माझी साताऱ्याला बदली झाली. अलीकडेच सवड काढून आक्कांना भेटायला गेले. फाट्यावर उतरले तर निळ्या दरवाज्याशेजारी मेजरचं छोटं दुकान होतं. आक्का आत जोत्यावर चालायची काठी शेजारी ठेवून बसलेल्या. त्यांची दृष्टी आता मंद झालीय, रस्त्यापलीकडची बाई कोणत्या पायावर भार टाकतेय ते त्यांना दिसत नाही.

माझ्याच गाडीतून कॉलेजात शिकणारी एक अनोळखी मुलगीही उतरली होती. ती झाडाखाली उभी राहिली, पाठीवरची पिशवी पोटाशी धरून. मेजरने तिच्याकडे पाहिलं. मग दुकानातल्या डब्यांकडे पाहिलं. घसा खाकरला. पुन्हा पाहिलं, चेहरा लालबुंद झाला. शेवटी तो दुकानातून बाहेर आला, तिच्याकडे पाठ करून समोरच्या उसाकडे तोंड केलं, ताठ उभा राहिला आणि कवायतीच्या मैदानावर द्यावा तसा हुकूम दिला,

"कुनाला जायाचं असंल तर आदी जाऊन या! पानी हाय! कडी चांगली हाय!"

टपरीवरच्या एकाच्या हातातला चहा सांडला. मुलगी दचकली, रागाने मेजरच्या पाठीकडे बघितलं, आणि भरभर निळ्या दरवाज्याकडे गेली.

"आरं वरडतोस कशाला? मानसं भित्याल," आतून आक्कांचा आवाज आला. मग मला ओळखून म्हणाल्या, "साताऱ्यास्नं आलीस न्हवं?"

मी पिशवी खाली ठेवली आणि मुलीच्या मागे रांगेत उभी राहिले.